जुन्या वास्तूंच्या आतला उजेड रंगवू द्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुने वाडे, लेणी, देवळे आणि इंग्रजी अमदानीतील दगडी इमारती यांच्या देखभालीविषयी आपल्या दैनिकात नेहमी लिहून येते. गळकी छपरे, भिंतीत रुजलेले पिंपळ, चोरीला गेलेले कोरीव खांब यांची नोंद त्यात असते आणि ती असायलाच हवी. या वास्तूंच्या आतल्या उजेडाविषयी मात्र कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि त्याहून अधिक काळ जलरंगात जुन्या वास्तूंचे अंतर्भाग रंगवीत आलो आहे. त्या अनुभवाच्या बळावर हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या वाचकपत्राहून बरेच लांबले आहे, तरी विषयाची निकड पाहून आपण ते छापावे अशी विनंती आहे.

निमित्त असे घडले. गेल्या मार्गशीर्षात मी एका संरक्षित वास्तूत सकाळी नऊच्या सुमारास गेलो. रीतसर तिकीट काढले, एका खांबाआड कोणाच्या वाटेत येणार नाही अशी जागा पाहिली, घडीचे स्टूल उघडले आणि मांडीवर पाटी घेऊन रेखाटन सुरू केले. दहा मिनिटांत पहारेकरी आला आणि अदबीने म्हणाला, ‘‘मास्तर, मोबाईलवर फोटो हवे तेवढे काढा, पण बसून रंगवायची परवानगी नाही.’’ नियम कुठे लिहिला आहे असे विचारले तेव्हा त्याला तो दाखवता आला नाही, कार्यालयातही कोणाला सांगता आला नाही. त्या पहारेकऱ्यावर माझा राग नाही; तो स्वतः बराच वेळ माझ्या कागदाकडे पाहत उभा होता. मी सामान आवरत असतानाच कोणीतरी आत बटण दाबले, तुळयांच्या कडेने लावलेल्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या लागल्या आणि ज्या उजेडासाठी मी पहाटे पाचची एसटी पकडून आलो होतो तो उजेड डोळ्यांदेखत नाहीसा झाला. भिंती तिथेच होत्या, खांब तिथेच होते, पण वास्तू दुसरीच कोणती तरी वाटू लागली. वास्तूचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असाच अनुभव मला आणि माझ्या काही चित्रकार मित्रांना निरनिराळ्या ठिकाणी आलेला आहे.

आपल्याकडच्या चौकाच्या वाड्यात उजेड कसा येतो, हे आधी थोडे सविस्तर सांगायला हवे. वाड्याला बाहेरच्या अंगाने खिडक्या थोड्या असतात आणि त्याही उंचावर. उजेड येतो तो मधल्या उघड्या चौकातून. ऊन चौकाच्या फरसबंदीवर पडते आणि तिथून उसळून छपराच्या पागोळीच्या खालून सोप्यात, म्हणजे चौकाभोवतीच्या उघड्या दालनात, शिरते. म्हणजे सोप्यात, ओसरीवर, पडवीत जो उजेड असतो तो बहुतांशी खालून वर जाणारा असतो. तक्तपोशीची, म्हणजे लाकडी फळ्यांच्या छताची, चौकाकडची बाजू त्यामुळे उबदार, मधाच्या रंगाची दिसते आणि माजघराकडे जाता जाता तीच तक्तपोशी निळसर करडी होत जाते. खांबांचा खालचा भाग, पायथ्याच्या दगडी तळखड्याजवळचा, वरच्या भागापेक्षा उजळ असतो. पेशवाईतल्या सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांवरच्या महिरपी आणि त्यांतून खाली लोंबणारी केळफुले यांचे कोरीव काम पाहावे: त्यांचे पोट, म्हणजे खालचा भाग, फार बारकाईने कोरलेला असतो. चौकातून उसळलेला उजेड नेमका त्याच पोटावर पडतो आणि केळफुलाची एकेक पाकळी सुटी दिसते. वरून दिवा लावला की पोट काळे पडते, पाठ उजळते, सावल्या उलट्या होतात आणि ज्या सुताराने तासन् तास खर्चून ते पोट कोरले त्याचे काम दिसेनासे होते.

हा उसळता उजेड ऋतुमानाप्रमाणे बदलतो. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन तिरपे येते आणि उत्तर सोप्यात बरेच आत शिरते. घरातली म्हातारी माणसे त्या उन्हाबरोबर आपली जागा बदलत बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. मे महिन्याच्या मध्यास आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी ऊन चौकात अगदी सरळ उतरते, भिंतींना सावली राहत नाही, आणि सगळा सोपा खालून पेटल्यासारखा होतो. श्रावणात चौकातल्या ओल्या फरशीवरून येणारा उजेड रुपेरी असतो आणि तो तक्तपोशीवर हलतो. हे सारे त्या वास्तूच्या बांधणीतच धरलेले आहे. खण, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, किती घ्यायचा, पागोळी किती खाली आणायची, चौक किती रुंद ठेवायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला उजेड कुठवर येईल हे ठाऊक असणारच.

वाड्यांखेरीजही उदाहरणे पुष्कळ आहेत. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात उजेडासाठी छताला ठेवलेले सवणे, कोकणात नळ्यांच्या किंवा मंगळुरी कौलांत मधेच बसवलेले काचेचे कौल, आणि त्यांतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडणारा कवडसा हे बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेले आहे. कौलांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडणारे बारके कवडसे मात्र गोल किंवा लंबगोल असतात, कारण तो प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमाच असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. शाळेत मुलांना मी हे कवडसे काढायला सांगत असे. ज्यांनी घरी जाऊन नीट पाहिले ती मुले गोल काढून आणत, आणि ज्यांनी मनाने काढले ती फटीच्या आकाराचे काढून आणत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात उन्हे कलल्यावर जावे. दर्शनी भिंतीतल्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून उजेड येतो, सुमारे सव्वाशे फूट खोल दालनाच्या टोकाशी असलेल्या स्तूपावर तो जाऊन विसावतो आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागचे अरुंद मार्ग गडद राहतात. छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांच्यामधल्या सावल्यांमुळे ते छत श्वास घेतल्यासारखे वाटते. गोव्यात जुन्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. पातळ, चपट्या शिंपल्याचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. त्यांतून ऊन गाळून येते, दुधाळ होते, आणि खोलीत कुठेच टोकदार सावली राहत नाही. अशी तावदाने काढून साधी काच बसवलेले एक घर मी पाहिले आहे. मालकांना खोली लख्ख हवी होती, ते त्यांच्या बाजूने बरोबरच होते, पण खिडकीशेजारच्या फर्निचरवरची लाख दोन उन्हाळ्यांत फिकी पडू लागली होती.

आता कोणी म्हणेल की, हे सारे खरे मानले तरी छायाचित्र आहे, व्हिडिओ आहे, लेसरने मोजमाप घेणारी यंत्रेही आली आहेत. रंगवत बसण्याचा आग्रह कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. मोजमापाचे नकाशे आणि छायाचित्रे हवीतच, त्यांची जागा चित्र घेऊ शकत नाही. परंतु अंधाऱ्या माजघरातून उजळ चौकाकडे पाहताना कॅमेऱ्याची अडचण होते. चौक नीट दिसेल असे धरले तर माजघर काळेठिक्कर पडते, माजघर दिसेल असे धरले तर चौक पांढराफेक होतो. हल्लीचे मोबाईल दोन-तीन प्रकाशमानांची चित्रे आपोआप एकत्र करतात. मग कोपरे उजळतात, चौक मंदावतो आणि सगळीकडे सारखाच, कुठलाच नसलेला उजेड पसरतो. माणसाचा डोळा तसा पाहत नाही. उन्हातून आत आलो की प्रथम काही दिसत नाही. मग खांबाची कड दिसते, मग कोनाडा, मग कोनाड्यात समईच्या काजळीने धरलेला काळा ओघळ, आणि दहा-पंधरा मिनिटांनी भिंतीवरचे कुंकवाचे जुने हात. बसून रंगवणारा माणूस ही पंधरा मिनिटे आणि त्यापुढचे दोन-तीन तास तिथे काढतो. त्याच्या कागदावर जे उतरते ते या सगळ्या पाहण्याची बेरीज असते.

त्यातही जलरंगच का, याला माध्यमाच्या स्वभावाचे कारण आहे. तैलरंगात उजेड वरून पांढरा रंग लावून आणता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. कोरा राखलेला कागद हाच उजेड. म्हणून काळोख्या खोलीचे चित्र करायला बसलेल्या जलरंगकाराला पहिल्यांदा उजेड कुठे आहे हे ठरवावे लागते आणि शेवटपर्यंत त्याला हात लावता येत नाही. बाकी सारे चित्र म्हणजे त्या कोऱ्या जागेभोवती सावली रचत जाणे. अंतर्भागाचा अभ्यास करायला याहून कठोर आणि याहून प्रामाणिक साधन मला तरी माहीत नाही.

आमच्या गावातल्या एका वाड्याचा उत्तर सोपा मी गेल्या थंडीत रंगवला, तो कसा, हे थोडक्यात सांगतो, म्हणजे परवानगी मागतो ती नेमकी कशासाठी हे स्पष्ट होईल. कागद ३०० जीएसएमचा, क्वार्टर इम्पिरिअल, म्हणजे साधारण ११ इंच बाय १५ इंच. स्टुलावर बसल्यावर डोळ्यांची उंची जमिनीपासून साडेतीन फूट येते, त्यामुळे क्षितिजरेषा खांबाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात जाते आणि तक्तपोशीचा मोठा पट्टा चित्रात येतो. उभ्याने काढले असते तर तो आला नसता. सर्वांत आधी, खांबसुद्धा पुरते काढण्यापूर्वी, जमिनीवरच्या कवडशाची कड पेन्सिलीने आखून घेतली आणि समासात वेळ लिहिली: ९ वाजून ४० मिनिटे. कारण सूर्य थांबत नाही. वीस मिनिटांत तो कवडसा फरशीवरून जोत्याच्या कडेवर चढला होता. त्याच्यामागे धावलो असतो तर चित्रात दोन सूर्य झाले असते. एकदा ठरवलेली कड मोडायची नाही, हा या कामातला पहिला नियम.

मग यलो ऑकरमध्ये जरासा लाइट रेड घालून अतिशय पातळ हात कवडसा आणि पितळी हंड्याची एक कड सोडून सबंध कागदावर फिरवला. तो ओला असतानाच माजघराच्या बाजूने कोबाल्ट निळा आत सोडला, म्हणजे उबदार आणि थंड यांची सीमा कागदानेच ठरवली. ते पूर्ण वाळल्यावर तक्तपोशी, तिच्या फळ्यांमधल्या रेषा न काढता, एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग हातात. तुळया आणि माजघराचे दार शेवटी: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर पुरते न मिसळता ब्रशात दोन्ही भरून एका दमात लावले, की गडदपणात कुठे निळा, कुठे तांबूस श्वास राहतो. बाटलीतला काळा रंग इथे वापरला तर भिंतीत भोक पडल्यासारखे दिसते. काळोखही पारदर्शक असतो, त्यातून मागचे काहीतरी दिसत असते, हे जुन्या घरात बसल्याशिवाय कळत नाही आणि छायाचित्रावरून रंगवणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. त्या दारावर तिसरा हात फिरवण्याचा मोह मला झाला आणि तेवढी जागा गढूळ झाली. बाकीचे चित्र साधले आहे. वेळ लागला तीन तास, पाणी लागले अर्धा लिटर, आणि जमिनीवर एकही थेंब सांडला नाही.

अशा चित्रांचे मोल पुढे काय होते, याचा पुरावा पुण्यातच आहे. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्याबरोबर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता आणि त्याने शनिवारवाड्यातील दरबाराची रेखाटने केली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पेशव्यांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र पूर्ण केले. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले सगळे लाकडी काम जळून गेले. आज आपण तिथे जातो तेव्हा दगडी जोती, खांबांचे तळखडे आणि तट पाहून परत येतो. ते दालन आतून कसे होते, खांबांची दाटी कशी होती, माणसे कुठे बसत, याची कल्पना आपल्याला येते ती मुख्यतः एका परदेशी माणसाने तिथे बसून केलेल्या रेखाटनांमुळे. त्याच काळात गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारत होता. कागदावर बारीक रेषा आणि पातळ रंग अशी त्याची कामे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. लेण्यांत बसून आतली वास्तू कागदावर उतरवणारा हा पुण्याचा माणूस आपल्या चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असे मला फार वाटते.

युरोपात तर ही परंपराच झाली. इंग्रज चित्रकार टर्नर १८२७ मध्ये इंग्लंडातील पेटवर्थ या हवेलीत पाहुणा म्हणून राहिला आणि तिथल्या दालनांची, जिन्यांची, दिव्याभोवती बसलेल्या माणसांची लहान लहान चित्रे त्याने निळ्या कागदावर केली. त्या मुक्कामातली त्याची चित्रे शंभराहून अधिक आहेत. व्हिएन्नाचा रुडॉल्फ फॉन आल्ट (१८१२ ते १९०५) याने आयुष्यभर सेंट स्टीफनचे कॅथेड्रल आणि शहरातल्या घरांच्या खोल्या जलरंगात रंगवल्या. मला मात्र सर्वांत अनुकरणीय वाटते ती दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. बाँबहल्ल्यांत आणि त्यामागून येणाऱ्या नव्या बांधकामांत जुनी इमारत, जुनी गल्ली टिकेल की नाही याची शाश्वती नव्हती, तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ ही योजना सुरू झाली. चित्रकारांना मानधन देऊन देशभर पाठवण्यात आले आणि धोक्यात असलेल्या जागा त्यांनी मुख्यतः जलरंगात टिपल्या. १५०० हून अधिक चित्रे जमली. ती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, त्या वेळी उत्तम कॅमेरे उपलब्ध होते आणि छायाचित्रांचीही मोहीम वेगळी चालू होती. तरीही जलरंगाची निवड जाणीवपूर्वक झाली.

आपल्याकडे हे करणारे हात नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे. तिथून निघालेल्या पिढ्यांनी जलरंगात जे काम केले त्याला तोड नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांमधून लालसर होऊन येतो, आणि तो पाहायला लोक त्या दालनात गर्दी करतात. पुष्कळांचा समज असा की ते तैलचित्र आहे, आणि त्याहून पुष्कळांचा समज असा की ते राजा रविवर्म्याचे आहे. ते हळदणकरांचे आहे आणि ते निखळ जलरंगात आहे. कागद राखून उजेड आणणे ही गोष्ट मराठी चित्रकाराने कोणत्या उंचीला नेली याचा तो नमुना. आज पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक, सांगली इथे दर रविवारी जलरंगाची पेटी घेऊन बाहेर पडणारे तरुण-तरुणींचे गट आहेत. ते घाट रंगवतात, बाजार रंगवतात, बाहेरून वाडे रंगवतात. आत जाऊन बसायला त्यांना कोणी देत नाही, म्हणून अंतर्भागाचा अभ्यास होत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांतही स्थिरचित्र आहे, स्मरणचित्र आहे, पण ज्या खोलीत मुलगा राहतो ती खोली त्याने कधी पाहून काढावी असे कोणी सांगत नाही.

माझे म्हणणे संबंधित खात्यांपुढे, नगरपालिकांपुढे आणि खासगी मालकांपुढे मांडतो. संरक्षित वास्तूंमध्ये हातात मावेल एवढी पाटी आणि घडीचे स्टूल घेऊन बसायला साध्या तिकिटावर परवानगी असावी आणि ती लेखी स्वरूपात फाटकावर लावावी. पाण्याच्या डागांची भीती खोटी नाही. एका देवळाच्या कोरीव अधिष्ठानावर विद्यार्थ्याने रंगाचा ब्रश झटकलेला मी पाहिला आहे आणि त्या डागाने मला आजही लाज वाटते. म्हणून झाकणाची बाटली, खाली अंथरायला मेणकापड, चित्र टेकवण्याच्या तिपाई घोडीला बंदी, कोरीव भागापासून चार फूट अंतर, आणि चित्रभिंती असलेल्या दालनांत फक्त पेन्सिल, असे नियम करावेत. आम्ही ते पाळू, आणि जो पाळणार नाही त्याला उठवावे.

दुसरे म्हणजे दिव्यांचे. वृद्धांना पायरी दिसावी, कोणी ठेचकाळू नये, यासाठी पायाशी मंद दिवे असावेत हे मान्य आहे. परंतु तुळयांवर, कमानींवर, स्तूपाच्या मागे आणि लाकडी महिरपींवर झगझगीत पट्ट्या लावण्याचे काम थांबावे, आणि जिथे त्या लावल्या आहेत तिथे रोज उघडण्याच्या वेळेपासून निदान एक तास त्या बंद ठेवाव्यात. त्या तासाला फक्त चित्रकार येतील असे नाही. वास्तू बांधणाऱ्याने जशी योजली तशी पाहण्याची इच्छा असलेला कोणीही येईल. जुन्या भित्तिचित्रांच्या रंगांना तीव्र प्रकाश घातक असतो, म्हणून अजिंठ्यासारख्या ठिकाणी दिव्यांबाबत काळजी घ्यावी लागते. तीच काळजी लाकूड आणि चुन्याच्या गिलाव्याच्या दृश्यासाठीही घ्यावी, एवढेच मागणे आहे.

तिसरी गोष्ट पाडापाडीची. पुनर्विकासासाठी वाडा पाडण्याची परवानगी देताना नगरपालिका नकाशे मागते, नाहरकत दाखले मागते. त्याच वेळी स्थानिक चित्रकारांना आठ दिवस आत बसू देण्याची अट घातली, तर मालकाचा एक रुपया खर्च होणार नाही. त्यातून निघालेली चार-सहा चित्रे गावच्या वाचनालयाने ठेवून घ्यावीत. ठेवताना मात्र खिडकीसमोर टांगू नयेत. जलरंग उजेडाने उडतात. संग्रहालयांत अशा कागदांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. हेन्री व्हॉन या संग्राहकाने टर्नरची जलरंगातली चित्रे मृत्युपत्राने एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीला दिली (ती १९०० साली तिथे आली) तेव्हा ती वर्षातून एकदा, जानेवारीच्या मंद उजेडातच दाखवावीत अशी अट घातली, आणि त्यामुळे त्यांचे रंग आजही ताजे आहेत. आपल्या वाचनालयांना एक सपाट खणांचे कपाट आणि आम्लविरहित कागदाचे लखोटे पुरेसे आहेत.

वर ज्या वाड्याच्या सोप्याचे वर्णन केले, तो होळीनंतर पाडायचे ठरले आहे. मालक भले गृहस्थ आहेत. तीन भावांच्या वाटण्या आहेत, पावसाळ्यात मागचा भाग खचला आहे, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी मला आणि माझ्या सहा विद्यार्थ्यांना तोवर रोज सकाळी येण्याची मोकळीक दिली आहे. सोपा झाला, देवघर झाले, माडीचा जिना अर्धा झाला. स्वयंपाकघर आणि त्याच्या वरचे धुराडे राहिले आहे, आणि तिथे ऊन फक्त दहा ते साडेदहा एवढेच येते. आपल्या वाचकांपैकी कोणाला जलरंगाची पेटी घेऊन यायचे असेल, किंवा नुसते त्या अर्ध्या तासात तिथे उभे राहून पाहायचे असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी त्यांना घरापर्यंत घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
वाई, जि. सातारा